जहाजामागच्या रेषा

खोटं तुम्ही लिहिलंत. शिक्का तुमचा, सही तुमची, प्लास्टिकची सीलबंद डबी तुमची आणि तिच्या आतली चिठ्ठीही तुमचीच. चिठ्ठीवर तुम्ही कुणाचं नाव घातलं नाहीत, हे कबूल. 'अयोग्य रीतीने साफ केलेले' एवढं लिहिलंत आणि हात झटकून मोकळे झालात. पण ती डबी ज्या घरात पोचली, त्या घरात घासणारं माणूस एकच होतं. नाव लिहायची तुम्हाला गरजच नव्हती.

त्या माणसाला सगळे अक्का म्हणत. वय चौऱ्याहत्तर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, राहायला एकटी. घासणं हा तिचा स्वभाव होता. तिच्या मोरीतल्या नळावरचा चकचकीत थर कधीच निघून गेला होता आणि आतलं पिवळं पितळ उघडं पडलं होतं. कुकरच्या झाकणावरचं कंपनीचं नाव तिने पाच वर्षांत नाहीसं केलं. दारावर नवऱ्याच्या नावाची पितळी पाटी होती. नवरा गेल्यावर ती तिने रोज सकाळी इतक्या मायेने पुसली की अकराव्या वर्षी पाटी कोरी झाली, आणि नवीन पोस्टमन घर रिकामं समजून पत्रं शेजारी टाकू लागला. घरातले यावरून तिची चेष्टा करायचे. तीही हसायची, आणि हसता हसता समोरचा पेला उचलून पदराने पुसायची.

एका वस्तूला मात्र तिने कधी फडकं लावलं नव्हतं. ते होतं चांदीचं एक नाणं. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला आकडा आणि साल. लग्न होऊन ती सासरी निघाली तेव्हा वडिलांनी ते तिच्या मुठीत दाबलं होतं. पोरीला ते ओळखून होते. म्हणाले होते, हे घासायचं नाही हं, नुसतं बघायचं. डोळ्यांच्या मलमाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून तिने ते ठेवलं आणि पन्नासहून जास्त वर्षं नुसतं बघितलं. काळपट पडलं, तसं पडू दिलं. भांडं काळं पडलेलं जिला एक तास बघवत नसे, तिने हे अर्धं शतक सोसलं. यातच काय ते समजा.

अक्काचा धाकटा भाऊ डायमेकर. पोलादाच्या ठोकळ्यात उलटं चित्र कोरायचं, तो ठोकळा प्रेसमध्ये बसवून धातूच्या चकतीवर आपटायचा, की चकतीवर सुलटं चित्र उमटतं. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. बटणं आणि बिल्ले बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने चाळीस वर्षं डाय कोरल्या, आणि निवृत्त झाल्यावरही मालक त्याला सोडेना म्हणून तो अर्धा दिवस जात होता. मापाचा माणूस. मोजलेलं आणि शिक्का मारलेलं काहीही असलं की त्याचा त्यावर विश्वास. अक्कावरचं संकट खरं तर इथूनच सुरू झालं.

कारण नाणं तुमच्याकडे पाठवायची टूम काढली त्याच्या जावयाने, पण अक्काला राजी केलं ते या भावाने. जावई विमा कंपनीत. जे मोबाइलमध्ये सापडत नाही ते जगात नाही, असं मानणारा. एका रविवारी त्याने ती डबी बघितली, नाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन केलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि जाहीर केलं की नाणी पारखणाऱ्या तुमच्या कंपनीकडून याची प्रतवारी करून घ्यायला हवी. मग त्याने सगळ्यांना प्रतवारी समजावली. नाण्याला एक ते सत्तर असे गुण मिळतात. सत्तर म्हणजे जे नाणं टांकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या हाताला लागलेलं नाही ते. थोडक्यात, जे जन्मात कधी कामाला आलं नाही ते पहिल्या नंबरचं, आणि ज्याने हजार घरांत मीठ-तेल आणून दिलं ते नापास. तुमच्या शाळेचा हा नियम ऐकून डायमेकर मनातल्या मनात हसला होता, पण बोलला नाही. नाण्यात खोट असेल, म्हणजे भोक पाडलेलं, साखळीला जोडलेलं, वाकवलेलं किंवा घासलेलं, तर गुण मिळतच नाहीत. नुसता शेरा मिळतो.

अक्का म्हणाली, बाबांनी हे चारचौघांत मिरवायला दिलं नव्हतं. तेव्हा डायमेकर म्हणाला, "अगं, बघू तर दे त्यांना. जाणकार लोक आहेत ते."

हे वाक्य पुढे त्याला फार महाग पडलं.

सात आठवड्यांनी नाणं परत आलं. जावयाने रविवारच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलं आणि पानं वाढून व्हायच्या आत चिठ्ठी मोठ्याने वाचली. 'तपशील उत्तम. अयोग्य रीतीने साफ केलेले. गुण नाहीत.' मग सगळ्यांची नजर एकाच वेळी अक्काच्या हातांकडे गेली. ती तेव्हा चमचा पुसत होती.

हशा पिकला. अक्का म्हणाली, "मी नाही घासलं." हशा आणखी वाढला. तिने चमचा खाली ठेवला आणि तेच पुन्हा म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. डायमेकरची मुलगी मनाने मऊ, आत्यावर जीव टाकणारी. तिने अक्काच्या पाठीवरून हात फिरवला.

"अगं आत्या, विसरली असशील."

या 'विसरली' शब्दाला पाय फुटले. नाणं घासून विसरली, तर आणखी काय काय विसरत असेल? जावई विम्यातला, धोका मोजणं हाच त्याचा धंदा. त्याने आठवून आठवून यादी केली. मागच्या महिन्यात तिने दोनदा एकच गोष्ट सांगितली. छत्री आमच्याकडे राहिली. तिसऱ्या मजल्यावर एकटी बाई, गॅसचं बटण, पाण्याचा नळ. वाईट बुद्धीने बोलत नव्हता तो. त्याला खरंच काळजी वाटत होती, आणि हातात तुमचा छापील पुरावा होता. अक्का म्हणते घासलं नाही, कागद म्हणतो घासलंय; तर मग डोकं कुणाचं बिघडलं असणार? कागदाचं तर नाही ना?

तीन आठवड्यांत अक्का 'थोडे दिवस' भाचीकडे राहायला आली. तिच्या खोल्यांना कुलूप लागलं आणि किल्ली भाचीच्या पर्समध्ये गेली. सामान उतरवताना जिन्यावर बॅग कुणी धरली होती? डायमेकरनेच. त्याने तुमची चिठ्ठी वाचली होती. शिक्का होता, सही होती, त्याने मान डोलावली होती.

भाचीकडे तिला काही म्हणता काही करू देत नसत. नळाकडे वळली की कुणीतरी हाक मारायचं, आत्या, राहू दे, बाई येईल. खिडकीपाशी एक खुर्ची तिच्यासाठी ठेवली होती. त्या खुर्चीत ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची. डायमेकर रोज कामावरून येताना तिथे चहाला थांबे. एक दिवस कप हातात घेता घेता तिने खालच्या आवाजात विचारलं, "मी खरंच घासलं असेल का रे?"

डायमेकरने कप खाली ठेवला. ही बाई, जिने त्याला पाढे शिकवले, त्याच्या पहिल्या पगाराचं पाकीट ज्या दिवशी बसच्या रांगेत हरवलं त्या दिवशी रांगेतला प्रत्येक माणूस आठवून चोर शोधून दिला, ती बाई आता स्वतःच्या आठवणीवर त्याची सही मागत होती. त्याला पहिल्यांदा तुमच्या चिठ्ठीचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो आजवर आपण नाण्याकडे नीट पाहिलंच नाही याचा. चाळीस वर्षं भिंगातून धातू बघणारा माणूस, आणि घरच्या नाण्याची चिठ्ठी तेवढी वाचली.

दुसऱ्या दिवशी त्याने डबी कारखान्यात नेली. दिवा आडवा केला, भिंग डोळ्याला लावलं. जहाजामागच्या मोकळ्या आकाशात बारीक तिरक्या रेषा होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या, सगळ्या एका दिशेने. तुम्ही या बघितल्यात आणि शेरा मारलात. पण दिवा थोडा हलवल्यावर डायमेकरला दिसलं की त्या रेषांची सावली उलट्या बाजूला पडते आहे. रेषा खोल नव्हत्या. वर आलेल्या होत्या.

तो स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला. फडक्याने, राखेने, कशानेही नाणं घासा, धातू निघून जातो, रेघ आत जाते. वर कशी येईल? वर येते ती एकाच रीतीने. टांकसाळीत डाय खराब झाली की तिथला माणूस डायला पॉलिश पेपर मारतो. पेपरचे ओरखडे डायमध्ये खाच पाडतात, आणि मग प्रेस बसला की नाण्याचा धातू त्या खाचांत शिरून वर उठतो. त्याने स्वतः असे हजारदा पेपर मारले होते. आणखी एक गोष्ट होती. रेषा जहाजाच्या काठापर्यंत येत होत्या आणि तिथे थांबत होत्या. शिडावर एकही नाही. पलीकडे पुन्हा सुरू. डायमध्ये जहाज खोल कोरलेलं असतं, पेपर त्याच्या वरून निघून जातो, म्हणून तिथे ओरखडा पडत नाही. पण नाणं घासणाऱ्या बाईचा हात? शिड उंच आहे, पहिला रगडा शिडालाच बसणार. अक्काने काय जहाजाला वळसा घालून घालून आकाश घासलं?

घासलं होतं, पण ते टांकसाळीतल्या कुण्या कामगाराने, अक्काच्या जन्माच्या आसपास केव्हातरी.

त्याने खात्रीसाठी बटणाची एक जुनी डाय घेतली, तिला तिरका पेपर मारला, दोन बटणं ठोकली. तिसरं बटण साध्या पेपरने वरून घासलं. तिन्ही खिशात टाकून मुलीकडे गेला आणि तिला भिंगातून दाखवलं. मुलीने बराच वेळ बघितलं. तिला पटलं असावं, पण ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तिचे भाऊ आहात. त्यांनी लिहून दिलं तर किल्ली मी आजच्या आज देते."

म्हणून तो तुमच्या दारात आला. ती जागा त्याने नीट पाहून ठेवली आहे. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'तीन नजरांची पारख'. खिडकीवर एक बाई, स्वच्छ नखांची, स्वच्छ आवाजाची. काचेपलीकडे टेबलांवर तुमचे परीक्षक बसलेले. डायमेकरला वेळ मोजायची सवय. त्याने मनगटावरच्या घड्याळावर एका परीक्षकाला मोजलं: उचल, फिरव, ठेव. नऊ सेकंद. एवढ्या वेळात तो स्वतः भिंग पुसतो.

त्याने खिडकीवर बटणं मांडली आणि समजावू लागला. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की रेषा म्हणजे घासल्याची खूण, ते पुस्तिकेत दिलेलं आहे, आणि पुस्तिका काउंटरवर मिळते. त्याने विचारलं, रेषा वर आहेत की आत, हे पुस्तिकेत आहे का? बाई म्हणाल्या, ते परीक्षक बघतात. परीक्षकांना भेटता येईल? परीक्षक कुणाला भेटत नाहीत, त्यामुळे त्यांचा निर्णय निष्पक्ष राहतो. मग फेरतपासणी? फेरतपासणीचा फॉर्म आहे. त्यात 'अर्जदाराचे म्हणणे' या रकान्यात दीड ओळ होती. डायमेकरने अक्काची चौऱ्याहत्तर वर्षं आणि आपली चाळीस त्या दीड ओळीत बसवायचा प्रयत्न केला, आणि शेवटी लिहिलं: रेषा वर आहेत, बोट लावून बघा.

निघताना बाईंनी त्याला धीर दिला. काळजी करू नका, म्हणाल्या, आत येणाऱ्या प्रत्येक नाण्याचा मोठा फोटो काढून आम्ही जपून ठेवतो. त्याने तो फोटो मागितला. तो बाहेर देत नाहीत.

फेरतपासणीचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. दोन शब्द होते: 'निर्णय कायम.' नाणं तुम्ही डबीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. डायमेकरने सीलच्या कडेला मुद्दाम पेन्सिलीची बारीक खूण केली होती. ती जशीच्या तशी होती.

त्या दिवशी त्याने तुमची डबी वाइसच्या पकडीत आवळली आणि हॅकसॉ करवतीने कापली. नाणं कापसात गुंडाळून अक्काच्या हातात दिलं. हे तुझं, म्हणाला, यावर कुणाची चिठ्ठी नको. अक्काने बघितलं. किल्लीचं काय झालं, एवढंच विचारलं. त्याने कापलेल्या डबीचे तुकडे खिशात टाकले.

पुढच्या आठवड्यात तो चहाला गेला तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी लखलखत होतं. त्याला आधी आरसा वाटला. जवळ जाऊन बघितलं तर जहाज. काळोखी सगळी गेलेली, शिडाच्या घड्या उजळलेल्या, आकाश नितळ. रेषा नव्हत्या. एकही नव्हती.

"अक्का, हे काय केलंस?"

"घासलं," अक्का म्हणाली. तिने सरळ सांगितलं, मान वर करून. तीन दुपारी दात घासायची पावडर आणि जुनं मऊ फडकं घेऊन बसली होती. "न घासता नाव झालं होतं माझं. म्हटलं, नाव फुकट कशाला घालवू? काम तरी करून घेते."

डायमेकरने भिंग काढून डोळ्याला लावलं. वर उठलेल्या त्या रेषा हाच एकटा पुरावा होता. तो तिने स्वतःच्या हाताने सपाट केला होता, आणि तेही अशा सफाईने की भिंगातून बघूनही त्याला एक ओरखडा सापडेना. साठ वर्षांचा हात होता तो. त्याने हे तिला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, तुझ्या रेषा कुणाला पटल्या? पोरीला? जावयाला? तुला तरी पहिले दोन महिने पटल्या होत्या का?

त्याने भिंग मिटून खिशात ठेवलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जावयाने ते लखलखणारं नाणं कट्ट्यावर पाहिलं. कुणालाही न विचारता त्याने ते ओळखीच्या एका नाण्यांच्या दुकानदाराकडे नेलं. दुकानदार म्हणाला, द्या माझ्याकडे, माझ्या नावाने पाठवतो, माझं पुडकं तिथे रोज जातं. पाठवलं. सात आठवड्यांनी नवी डबी, नवी चिठ्ठी. जावई जिन्यातूनच ओरडत वर आला. अठ्ठावन्न गुण. खाली तुमचा शेरा: 'मूळ झळाळी टिकून. साफसफाईची खूण नाही.'

जावयाने पेढा वाटावा तशी ती डबी सगळ्यांच्या हातात फिरवली. ती अक्कापाशी आली. तिने चष्मा लावून चिठ्ठी सावकाश वाचली. मग असं हसू लागली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. हसणं थांबल्यावर तिने भाचीपुढे हात पसरला.

"घासलं नव्हतं तेव्हा घासलं म्हणाले, म्हणून किल्ली घेतलीस. आता घासलंय तर म्हणतायत नाही घासलं. दे किल्ली."

भाचीने पर्स उघडली, आतला कप्पा उघडला, किल्लीवर बोटं ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण बाबा, आता तर तिने खरंच घासलंय. आणि घासून उघड्यावर ठेवलंय. यातली कुठली चिठ्ठी खरी धरू? पहिली चुकली होती असं त्यांनी एकदा लिहून देऊ दे. मी विषय संपवते."

पर्स बंद झाली. अक्काने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत बसली. काही वेळाने तिचा अंगठा खुर्चीच्या लाकडी हातावर पुढे-मागे फिरू लागला.

डायमेकरच्या खिशात आता तीन बटणं आहेत, कापलेल्या डबीचे दोन तुकडे आहेत आणि तुमची पहिली चिठ्ठी; दुसरी नव्या डबीत आहे, नाण्यासोबत. नाणं एक, वजन तेच, साल तेच. तुमच्या शेऱ्यांतला एकही खरा नाही: अस्पर्श होतं तेव्हा घासलेलं, घासलं तेव्हा अस्पर्श. जावयाच्या मोबाइलच्या फोटोंत त्या रेषा उमटल्याच नव्हत्या, त्यामुळे आता त्या जगात फक्त एकाच ठिकाणी उरल्या आहेत, तुमच्या कपाटातल्या त्या पहिल्या मोठ्या फोटोत, जो तुम्ही जपून ठेवता आणि बाहेर देत नाही. तो बाहेर काढा. दिवा कुठल्या बाजूला होता ते तुम्हाला माहीत आहे. सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते बघा. नऊ सेकंद पुरतील. आणि मग कागदावर, शिक्क्यानिशी, एवढंच लिहून द्या: जहाजामागच्या रेषा वर होत्या की आत?

तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप अजून बंद आहे. उत्तर द्या.